शकीला फुफीचं विधेयक

विश्रांतवाडी, पुणे
१८ जानेवारी २०२५

लाडकी मिसबा,

अस्सलामु अलैकुम. तुझे फोन येतात, पण फोनवर तू एका कानाने माझं ऐकतेस आणि दुसऱ्याने तुझ्या खासदारबाईंचं. म्हणून हे पत्र. शिवाय घरचा नियम तुला ठाऊक आहे, बाहेरगावच्या सभासदाचं मत पत्रानेच घ्यायचं. तुझे दादाजी म्हणायचे, फोनवर माणूस ‘हो’ म्हणतो ते फोन ठेवायला मिळावा म्हणून.

नववीच्या मुलींची लुटुपुटूची संसद भरवायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. नागरिकशास्त्राच्या बाई रजेवर आहेत. भूगोलवालीला दिल्ली नकाशात दाखवता येते, म्हणजे संसदही चालवता येत असणार, असा आमच्या मुख्याध्यापकांचा हिशोब! पुस्तकातलं वाचून दाखवलं तर सगळ्या पेंगल्या. मग मी आपल्या घराचं सांगितलं. आमचे अब्बा रबरी शिक्के करायचे, टीव्हीवर संसद लागली की दुकान माझ्या भावावर, गुलजारभाईंवर, टाकून घरी पळायचे, आणि त्या नादात त्यांनी घरातच दोन सभागृहं काढली. मुलं सतरंजीवर, ते खालचं. मोठी माणसं दिवाणावर, ते वरचं. घरातली मोठी गोष्ट दोन्हीकडे मंजूर व्हायला हवी, आणि मग अब्बा त्यावर जांभळ्या शाईचा ‘मंजूर’ शिक्का मारणार. आमचा फ्रिज असा आला, माझी भाची दिल्लीला अशी गेली, हे सांगितल्यावर मुली खडबडून जाग्या झाल्या. आता सतरंजीवर अध्यक्ष तू आणि सभासद एकटा तुझा भाऊ शहाबाज, दिवाणावर मी आणि तुझी अम्मी, आणि अब्बांमागे शिक्का तुझ्या बापाकडे. तो राष्ट्रपती, म्हणून कुठल्याच सभागृहात बसत नाही, नाक मात्र दोन्हीकडे खुपसतो.

तर एका मुलीने विधेयक मांडलंय. एक नोकरदार बाई आहे, लग्न केलेलं नाही, भावाकडे राहते. भाऊ-भावजय जीव लावतात. आता ती निवृत्त होणार आणि तिला मैत्रिणीबरोबर वेगळं राहायचंय, तर घराने तिला आनंदाने जाऊ द्यावं. खऱ्या संसदेत अशा विधेयकाचं काय होतं, ते सविस्तर लिही. तुला स्वतःला काय वाटतं तेही लिही. मुलींना हवंय.

मुक्ताई तुझी आठवण काढते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बाईसाहेब शुक्रवारी डबा घेऊन स्टाफरूममध्ये हजर असतात. तिच्या वाशीमच्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून अजून पाणी येतं.

तुझी
शकीला फुफी

*

नवी दिल्ली
५ फेब्रुवारी २०२५

डिअर फुफी,

अधिवेशन चालू आहे, त्यामुळे माझं जेवण म्हणजे समोसा. अम्मीला सांगू नकोस.

आमच्या बाई राज्यसभेच्या, म्हणजे तुमच्या दिवाणावरच्या. लोकसभा पाच वर्षांनी विसर्जित होते, राज्यसभा कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा लोक निवृत्त होतात, नवे येतात, पण सभागृह तसंच राहतं. मला हे फार आवडतं.

आता तुझ्या मुलींसाठी. मंत्र्याने मांडलं तर ते सरकारी विधेयक, साध्या खासदाराने मांडलं तर खासगी. खासगीची पाळी शुक्रवारी दुपारी, जेव्हा अर्ध्यांचं लक्ष विमानाच्या वेळेकडे असतं. पहिलं वाचन म्हणजे नुसतं ‘मांडू का?’ दुसऱ्यात एकेका कलमाची चिरफाड, दुरुस्त्या, वाटलं तर समितीकडे पाठवणं. तिसऱ्यात फक्त हो की नाही. मग दुसऱ्या सभागृहात हीच वरात पुन्हा! दोन्हीकडे एकाच रूपात पास झालं की राष्ट्रपतींकडे. ते सही करतील, रोखतील किंवा एकदा परत पाठवतील. पण परत पाठवलेलं दोन्ही सभागृहांनी पुन्हा पास केलं, तर मग संमती अडवता येत नाही.

फक्त धन विधेयकाची जात वेगळी. ते राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही, राज्यसभेत तर मुळीच नाही. तिने बिचारीने चौदा दिवसांत सल्ला द्यायचा आणि गप्प बसायचं. एखादं विधेयक धन विधेयक आहे का, हे लोकसभेचा अध्यक्ष ठरवतो आणि त्याचा शब्द शेवटचा. म्हणजे अध्यक्षाच्या हातात केवढी पॉवर बघ. आपल्याकडे मी!

माझं मत? पहिल्या वाचनातच पाडा. भरलं घर सोडून कोण शहाणी बाई जाईल? भाऊ-भावजय जीव लावतात म्हणतेस, मग खाज कसली? तू बघ, एवढी वर्षं मजेत राहतेसच ना. मेमध्ये बाईंच्या ऑफिसातलं माझं वर्ष संपतं. मी थेट तुझ्या खोलीत येणार आहे. खिडकीकडची बाजू माझी, आत्ताच सांगून ठेवते.

लव्ह यू,
मिसबा

*

विश्रांतवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

प्यारी बेटी मिसबा,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, दुकानातल्या पाट्या लिहिता येतात. म्हणून थोडक्यात.

तुझ्या फुफीने वेगळं राहायचं काढलंय. मुक्ताई बाईंनी वाघोलीला फ्लॅट घेतलाय, त्यात दोघी राहणार. ही मेअखेर निवृत्त झाली की लगेच. परवा दिवाणावर मांडलं आणि तुझ्या अम्मीने हात वर केला. सत्तावीस वर्षांच्या संसारात माझ्याविरुद्ध तिचा हात पहिल्यांदा उघड वर झाला. एरवी ती आतून काम करते.

मी शकीलाला विचारलं, या घरात काय कमी आहे? म्हणते, काहीच नाही. मग जातेस कशाला? तर नुसती हसते. लोक म्हणणार, नोकरी संपली, पगार थांबला आणि भावाने बहिणीला बाहेर काढली. मला स्वतःला काही फरक पडत नाही. मी लोकांचं बोलतोय.

तुझं पत्र तिने टेबलावर ठेवलं होतं, ते मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. तशी पाटी मीच केली असती. त्यात धन विधेयकाचं आहे. शकीलाचा फंड त्या फ्लॅटमध्ये जाणार. म्हणजे हे पैशाचं झालं. म्हणजे ते दिवाणावर मांडणंच चूक, आणि माझ्या शिफारशीशिवाय कुठेच मांडता येत नाही, आणि मी शिफारस करणार नाही. तू अध्यक्ष म्हणून तेवढं लिहून पाठव. तुझं मत तेच आहे, पत्रात वाचलं. शहाबाजवर माझा भरवसा नाही. त्याला तिची खोली हवी आहे.

सकाळचा चहा ती टाकते. तो विषय नाही, पण नोंद असावी.

तुझा
अब्बा

*

नवी दिल्ली
१ मार्च २०२५

फुफी,

नववीतली मुलगी! अगं, नववीतल्या मुलीला निवृत्तीचं काय पडलंय? आणि मी एवढी गाढव, की धन विधेयकावर निबंध लिहिला पण हा प्रश्न मला पडला नाही. ‘कोण शहाणी बाई जाईल’ असं मी तुलाच लिहिलं आणि तू ते वाचून टेबलावर ठेवून दिलंस. मला फोन करून एक शिवी तरी घालायचीस.

अब्बांचं पत्र आलंय. मी धन विधेयक म्हणून लिहून द्यावं असं त्यांचं म्हणणं आहे. तसं दिलं तर तुझं विधेयक तिथेच संपेल, हे तुलाही कळलं असेल. आणि खरं सांगू? माझ्या मनात देऊन टाकावं असंच आलं. कागद घेतला, तारीखही घातली. इथे रविवारी मला फार एकटं वाटतं फुफी. रूममेटही बाहेर असते, खोलीत कुणी बोलायला नसतं. तेव्हा मी स्वतःला सांगते, मे येऊ दे, फुफीच्या पलंगावर पाय पसरून पडू. तू तिथे नसशील तर मी नक्की कुठे परत येणार?

पण अध्यक्षाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. अब्बांची ऐकली. आता तू खरं खरं सांग. घरात कुणी काही बोललं का? अम्मीशी काही झालं का?

रमजान मुबारक. उद्यापासून रोजे धरतेय, समोसे बंद.

मिसबा

*

विश्रांतवाडी
८ मार्च २०२५

माझी सोन्यासारखी मिसबा,

शिवी घालणार होते. मग म्हटलं, अध्यक्षाचा अवमान होईल.

कुणी काही बोललं नाही. तुझ्या अम्मीने मला कधी नणंद म्हणून वागवलं नाही. उलट हात वर करताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वर मलाच म्हणते, ‘आपा, मी सांगते म्हणून जा, नाहीतर तुमचं जाणं व्हायचं नाही.’ गुलजारभाईंनी माझ्यासाठी काय केलंय ते मी पत्रात लिहू शकणार नाही. सगळ्यांना वाटतं, माणूस घर सोडतो म्हणजे काहीतरी दुखतंय. मिसबा, मी सुखी आहे आणि तरी मला जायचंय. हे दोन्ही एका बाईच्या पोटात राहू शकतं, ते तुझ्या बापाला पटत नाही.

मी आधी अब्बांची मुलगी, मग गुलजारभाईंची बहीण, तुमची फुफी, आणि शाळेत हजारभर पोरींच्या मणियार बाई. ही सगळी नावं मला आवडतात. पण मुक्ताई मला ‘शकी’ म्हणते आणि माझ्याशी भांडते. खडूवरून भांडलो, तासांवरून भांडलो. तिचे यजमान गेले तेव्हा चाळीस दिवस मी तिच्या घरी झोपले, तेव्हाही डाळीच्या फोडणीवरून भांडलो. आता तिला गॅलरीत कढीपत्ता लावायचाय आणि मला मोगरा, आणि गॅलरी आहे एवढीशी. मला ते भांडण करायचंय गं. अठ्ठावन्न वर्षांची होत आले. आणखी थांबले तर मी थांबायलाच शिकेन.

तू विचारशील, मग परवानगी कशाला मागतेस? बॅग उचलून निघ. जाऊ शकते, कोण अडवणार? पण अब्बांच्या शिक्क्याशिवाय या घरातून कुणी गेलं नाही. तसं गेले तर ते रुसून जाणं होईल, आणि मी रुसलेली नाही. तुझ्या बापाने हसून नाही तरी निदान कुरकुरत शिक्का मारला नाही, तर मी मुक्ताईला नाही म्हणून सांगणार. पाडव्याला तिचा गृहप्रवेश आहे. दारावरच्या पाटीत नावं दोन घालू की एक, असं ती रोज विचारते आणि मी रोज विषय बदलते.

आता तुझं. तू माझ्या बाजूने लिहावंस म्हणून मी हे लिहिलेलं नाही. तुला धन विधेयक वाटत असेल तर तसं लिही. मी एक अक्षर बोलणार नाही आणि मेमध्ये खिडकीकडची बाजू तुलाच देईन.

इफ्तारला भाई सगळ्यात चांगला खजूर माझ्या ताटात टाकतात आणि बोलत मात्र नाहीत. 

तुझी
फुफी

*

नवी दिल्ली
१३ मार्च २०२५

आदरणीय राष्ट्रपती महोदय, म्हणजे अब्बा,

अध्यक्षांचा निर्णय खालीलप्रमाणे. फुफीलाही प्रत पाठवतेय.

धन विधेयक कशाला म्हणायचं, ते मी पुन्हा नीट वाचलं. ज्यात फक्त पैशाच्या बाबी असतील, तेच. त्यातला ‘फक्त’ महत्त्वाचा. फुफीच्या विधेयकात पैसा आहे, पण एक मैत्रीण आहे, एक गॅलरी आहे, मोगरा आहे आणि तुम्ही नोंद करायला सांगितलेला चहासुद्धा आहे. सबब हे धन विधेयक नाही. दिवाणावरची मंजुरी बरोबर आहे. विधेयक सतरंजीवर घ्यावं. अध्यक्षाला मत नसतं, समसमान झालं तरच असतं. शहाबाज एकटाच असल्यामुळे समसमान व्हायची भीती नाही.

आता अध्यक्ष खुर्चीवरून उठले, ही मी. अब्बा, तिने जाऊ नये असं मलाही वाटतं. हा निर्णय लिहिताना मी रडले, आणि रूममेट निकिता मला पाणी आणून देत होती तर रोजा असल्यामुळे तेही पिता येईना. पण मी दिल्लीला निघाले तेव्हा तुम्ही शिक्का मारलात. तेव्हा घरात मला काही कमी होतं का? तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत. मला तुमच्याकडून तेवढं मिळालं, ते तिलाही द्या.

चहा अम्मीला टाकायला सांगू नका. स्वतः शिका. आधी पाणी, मग साखर.

तुमची
मिसबा

*

विश्रांतवाडी
२४ मार्च २०२५

मिसबा,

जुग जुग जी. तुझा निर्णय भाभीने दिवाणावर उभं राहून वाचला. ‘मोगरा’ आला तिथे ती दोनदा अडखळली. भाई उठून गॅलरीत गेले.

मग सतरंजीचं अधिवेशन भरलं. शहाबाज हिंजवडीहून बसने आला, ट्रॅफिकने अर्धमेला. बूट काढले आणि सतरंजीवर एकटाच बसला. भाभी म्हणाली, ‘पहिलं वाचन.’ तो म्हणाला, ‘हो.’ ‘दुसरं?’ ‘हो.’ ‘तिसरं?’ ‘अम्मी, हो. आता खोली माझी ना?’ मी म्हटलं, यालाच हितसंबंध म्हणतात, आधी जाहीर करायचे असतात. म्हणे, ‘डिक्लेअर्ड. फुफी, कपाट ठेवणार की नेणार?’ मेल्याला एक धपाटा घातला.

भाईंनी कागद परत पाठवला. मागे लिहिलं होतं, ‘पुनर्विचार करावा.’ कारणाच्या जागी काहीच नाही. तेव्हा भाभीने दुरुस्ती मांडली, की दर शुक्रवारी रात्रीचं जेवण शकीलाने इथेच जेवायचं. मुक्ताईच्या स्वयंपाकघरात मटण शिजणार नाही हे तिने आधीच बजावलंय, आणि मी मटण सोडणार नाही हे मी तिला. म्हणजे दुरुस्ती सगळ्यांच्याच सोयीची! दोन्ही सभागृहांत पुन्हा मंजूर झालं. आता त्यांना अडवता येत नाही, असं तूच लिहिलं होतंस.

पण कागद त्यांच्या उशाखाली आहे आणि शिक्का दुकानात. आठवडा होत आला. शहाबाजने विचारलं, ‘अब्बा, सही कधी?’ तर म्हणाले, ‘घटनेत तारीख लिहिली आहे का?’ आहे का गं? मला वाटतं नसावी. हा माणूस पुस्तकं न वाचता बरोबर तिथेच कसा बोट ठेवतो?

मी बोलायला गेले नाही. पहाटे सहरीचं खायला उठते तर ओट्यावर चहाचं पातेलं करपलेलं असतं. रोज. रमजानात दिवसा चहा कोण पितं? म्हणजे हे सहरीच्या आधी उठून शिकतायत. मी पातेलं घासून जागेवर ठेवते.

रविवारी पाडवा. मुक्ताईला मी शनिवारी उत्तर देणार आहे. शिक्का नसेल तर नाही म्हणेन. दुआ कर.

फुफी

*

विश्रांतवाडी
१ एप्रिल २०२५

ईद मुबारक, माझ्या लेकरा!

फोनवर तुला नुसतं ‘झालं’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. आता ऐक.

शनिवारी मी मुक्ताईला नाही म्हणून कळवलं. ती भांडली नाही. म्हणाली, ‘बरं शकी. पण उद्या जेवायला तरी ये.’ तिचं ते न भांडणंच मला जास्त लागलं.

पाडव्याला सकाळी भाई न सांगता बाहेर पडले. रविवार, दुकान बंद, हे निघाले कुठे? मी, भाभी आणि शहाबाज दुपारी वाघोलीला गेलो, पाहुणे म्हणून. आमचे रोजे, त्यामुळे मुक्ताईने आमच्यासाठी पुरणपोळ्या बांधून ठेवल्या होत्या. लिफ्टचं दार उघडलं तर समोर तिच्या दारापाशी स्टुलावर तुझा बाप! हातात ड्रिल, दाढीवर चुन्याची भुकटी. खाली मुक्ताई स्टूल धरून उभी आणि दोघांचं जुंपलेलं. ती म्हणतेय डावीकडून वाकडी, हे म्हणतायत, ‘बाई, बत्तीस वर्षं पाट्या लावतोय, भिंत वाकडी आहे.’

पितळी पाटी आहे. वरती ‘मुक्ताई’, खाली ‘शकीला मणियार’. भाई स्टुलावरून उतरले, खिशातून विधेयकाचा कागद काढून माझ्या हातात दिला. जांभळा शिक्का होता, अब्बांचाच, कडेला थोडा झिजलेला. मी म्हटलं, ‘भाई, घटनेत तारीख नव्हती ना?’ तर म्हणाले, ‘पितळ कोरायला वेळ लागतो. तुम्हा लोकांना वाटतं, सही म्हणजे नुसतं आपटायचं.’ बावळटासारखी मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडून रडले. सोसायटीतले लोक बघत होते. लोकांचं बोलणारा माणूस, पण तेव्हा त्याला लोकांचं काही पडलं नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘साखर आधी की पाणी आधी, नीट सांगून जा.’

संध्याकाळी चंद्र दिसला. काल ईदला सकाळी नमाज झाली, शिरखुर्मा झाला. शहाबाज टेप घेऊन माझी खोली मोजायला निघाला आणि दारातूनच ओरडला, ‘अब्बा! ये क्या है?’

मी जाणार जूनमध्ये, पण माझ्या खोलीच्या दारावर आत्ताच पाटी. या घरात आजवर कुठल्या खोलीला पाटी नव्हती. पाट्या करणाऱ्याच्या घरात कोण पाटी लावतं? पांढऱ्यावर निळी अक्षरं, दुकानाच्या पाट्या असतात तशी:

शकीला मणियार
सध्या वाघोलीत
खोली रिकामी नाही

शहाबाज म्हणाला, ‘मग मी कुठे झोपू?’ भाई शिरखुर्म्याच्या वाटीतून मान वर न करता म्हणाले, ‘सतरंजीवर. खालच्या सभागृहाची जागा तीच. वरचं कधी विसर्जित होत नाही, असं तुझ्या बहिणीने लिहिलंय.’

मेमध्ये ये. खिडकीकडची बाजू तुझी आहे.

तुझी
फुफी